पाच ओळींत मावेल एवढा पक्षी

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची गच्ची आहे आणि त्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ही टाकी गेली चार वर्षं गळते आहे. ती गळते म्हणून त्या इमारतीतले लोक एकमेकांशी भांडतात, आणि ती गळते म्हणून रोज सकाळी साडेसातला तिथं एक धोबी येतो. धोबी म्हणजे पक्षी. काळा-पांढरा, मुठीएवढा, डोळ्यावर पांढरी भुवई आणि शेपटी सारखी वरखाली. काही माणसांना बसल्या बसल्या पाय हलवायची सवय असते, त्यातलाच प्रकार.

माझी आणि त्याची काही ओळख नव्हती. ओळख बायकोची. डबा भरता भरता ती त्याच्या बातम्या द्यायची: आज उशिरा आला, आज एका कावळ्याला त्यानं हाकलून लावलं, आज जरा मरगळलेला दिसतो. रोज तोच कशावरून येतो, उद्या त्याचा चुलतभाऊ आला तर तुला काय कळणार, असं मी एकदा विचारलं. त्यावर ती म्हणाली, "अहो, त्याच्या डाव्या पायाला पुढची दोनच बोटं आहेत. बाकीच्यांना तीन असतात." चष्म्याशिवाय हिला पेपर वाचता येत नाही, पण लांबचं मात्र स्वच्छ दिसतं. सोसायटीच्या फाटकातून माझ्याबरोबर कोण आत येतंय हेदेखील तिला माझ्याआधी दिसतं.

मग एक दिवस बातमी आली की टाकी पुढच्या महिन्यात दुरुस्त होणार. हिचा चेहरा पडला. टाकी गळायची थांबली की तो यायचा नाही, तेव्हा त्याचा एक फोटो मला काढून द्या, असं ती म्हणाली. लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. म्हणजे मागितलं असेलही, पण मी पेपर वाचत असेन. हे मात्र मी ऐकलं.

मुलगा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा कपाटावर टाकून गेला होता. तो पुसून घेतला आणि कामाला लागलो. एकोणीस सकाळी मी त्या खिडकीत घालवल्या. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे टाकीचे अतिशय स्पष्ट फोटो जमा झाले. दुसऱ्या आठवड्यात त्यात शेपटी दिसू लागली. विसाव्या दिवशी, रविवारी, तो टाकीच्या काठावर येऊन थांबला, त्यानं थेट आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि मी बटण दाबलं. चारशे बारा फोटोंमधला तो एक. जरासा अंधारा, थोडा तिरका, डोक्यावरून कपड्यांची दोरी गेलेली, दोरीला एक निळा चिमटा, टाकीवर गंजाचे ओघळ. पण पक्षी होता, आणि डाव्या पायाची दोन बोटं मोजता येत होती. हिनं पाहिला आणि म्हणाली, "हाच."

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण त्याच संध्याकाळी साडूभाऊ आले.

आमचे साडू पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांच्याकडे हातभर लांबीची लेन्स आहे आणि बावीस खिशांचं जाकीट आहे. ते जाकीट ते लग्नकार्यातही घालतात, कारण पक्षी कुठंही दिसू शकतो. गावातल्या निसर्ग मंडळाच्या प्रदर्शनात सलग तीन वर्षं पहिलं बक्षीस त्यांना मिळालेलं आहे. ती तिन्ही प्रशस्तिपत्रं त्यांच्या बैठकीत अशा जागी टांगलेली आहेत की पाहुण्यानं पाण्याचा पेला उचलला की समोर तीच यावीत. त्यांनी माझा फोटो पाहिला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "घरच्या अल्बमला ठीक आहे." मग थोडं थांबून, माझ्या भल्यासाठीच म्हणून, असेही उद्गार काढले की प्रदर्शनात असले फोटो दारातूनच परत जातात. फोटो काढणं म्हणजे पाव काम, उरलेलं पाऊण काम कॉम्प्युटरवर करायचं असतं, हे त्यांनी आम्हाला बिस्किट खात समजावलं. हिच्यादेखत. हिच्या बहिणीच्यादेखत. माणूस किती सहन करणार? यंदा हाच फोटो प्रदर्शनाला पाठवायचा आहे, असं मी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं. ही स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत राहिली.

इथं माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी दस्त नोंदणी कार्यालयात छाननीला आहे. लोक कागद आणतात, मी ते उजेडाकडे धरतो, आणि त्यात खाडाखोड दिसली की परत करतो. सव्वीस वर्षं मी एवढंच करत आलो आहे आणि चांगलं करत आलो आहे. माघारी मला 'खाडाखोड' म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. आमचा नियम साधा आहे. बदल करायचा तर जुन्यावर एकच रेघ ओढा, म्हणजे जुनं वाचता येतं. बाजूला नवं लिहा. तिथं 'खाडाखोड मान्य' असं लिहून सही करा. आणि सही करणाऱ्यानं आधी मूळ प्रत डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे. हे चार नियम जगानं पाळले तर निम्मी कोर्टं बंद पडतील.

असा मी, आणि आता एका पक्ष्यावर खाडाखोड करायला बसलो. मनाची समजूत अशी घातली की पक्षी म्हणजे काही दस्त नव्हे. तरी जित्याची खोड जात नाही. मी शंभर पानी वही घेतली आणि तिच्यात रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, जुनी स्थिती, नवी स्थिती, कोणाच्या सल्ल्यावरून, सही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे असं म्हणतात. मी पहिला अर्धा भाग फारच मन लावून पाळला.

पहिला सल्ला कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याचा. याची सगळी हयात पासपोर्ट फोटो काढण्यात गेली. त्यानं पक्ष्याकडे पाहिलं आणि चेहरा उजळला पाहिजे असं निदान केलं. पक्षी मुळात काळा आहे हे मी सांगितल्यावर तो म्हणाला, सगळे असंच सांगतात. त्यानं सांगितल्याप्रमाणे मी उजेड वाढवला तेव्हा धोबी राखाडी झाला, मग आणखी थोडा वाढवल्यावर आजारी दिसू लागला. मागची पार्श्वभूमी एकरंगी हवी हा त्याचा दुसरा आग्रह होता, कारण नाहीतर अर्ज परत येतो. कुठला अर्ज हे मी विचारलं नाही. टाकी, गंज, दोरी, चिमटा, सगळं पुसलं आणि मागं निळं आकाश भरलं. अनुक्रमांक एक ते चौदा.

दुसरा सल्ला खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचा. मास्तर पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून त्यांना तपासायला वह्या नाहीत. त्यांनी हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीनं माझ्या पक्ष्याची मापं घेतली. पक्षी मधोमध आहे, तो डावीकडे सरकवा. चोच पोकळीकडे हवी. पोटाचा पांढरा रंग मेलेला आहे, त्यात किंचित पिवळा घाला. हे सगळं मी केलं. मग मास्तर वाकले, पायाशी बराच वेळ थांबले आणि गंभीर झाले. शरीरशास्त्र चुकलंय, म्हणाले. एक बोट कमी आहे. मी सांगितलं की मुळातच कमी आहे.

"मुळात चुकलं असेल तर आपण सुधारायचं नाही?" मास्तर म्हणाले. "मग शिक्षण कशाला असतं?"

उजव्या पायाचं एक बोट उचलून मी डाव्या पायाला चिकटवलं. पहिल्या खेपेला ते चुकून गुडघ्याला चिकटलं. दुसऱ्या खेपेला जागेवर बसलं, पण नखी वर. तिसऱ्या खेपेला मास्तर म्हणाले, आता पास. अनुक्रमांक एकतीस.

तिसरा सल्ला वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. त्या साखर मागायला आल्या होत्या. त्यांना पक्ष्याचा डोळा कोरडा वाटला. मी त्यात एक चमक भरली. दुसऱ्या डोळ्यातही भरा, त्या म्हणाल्या. दुसरा डोळा पलीकडच्या बाजूला असल्यामुळे दिसत नव्हता, हे पटायला त्यांना वेळ लागला. मग साखर घेऊन दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या आणि म्हणाल्या की एकटाच उभा आहे बिचारा, बघवत नाही. तेव्हा मी त्याचीच नक्कल करून, ती आरशातल्यासारखी फिरवून समोर उभी केली. आता एकमेकांकडे बघणारे दोन धोबी झाले. सुखी जोडपं. मास्तरांना कळलं तेव्हा त्यांनी मुद्दाम वर येऊन दुसऱ्याचीही बोटं मोजली.

अशा रीतीनं त्रेचाळीस बदल झाले. सगळे वहीत, तारखेसह, सहीसह. आपण एक भव्य काम केलं अशा थाटात मी हिला बोलावलं. ती हात पुसत आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "कोण आहेत हे?"

अगं, तुझाच धोबी, असं मी म्हटलं. तिनं बोट कुणी लावलं असं विचारलं. मी मास्तरांचं नाव सांगितलं. टाकी कुठं गेली? ती स्टुडिओवाल्यानं काढायला लावली. मग हा उभा कशावर आहे, असं तिनं विचारलं. मी पाहिलं तर खरंच, दोन्ही पक्षी निळ्या आकाशात, पायाखाली काहीही नसताना, तहसील कचेरीत उभं असल्यासारखे ताटकळत होते. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "माझा नाही हा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मला अगदी चोरट्यासारखं झालं. तिनं एक गोष्ट मागितली होती, ती मी आणून दिली होती, आणि मग तीच तिच्या हातून काढून घेऊन मी ती चार लोकांत वाटून टाकली होती.

पण हट्ट वाईट. प्रदर्शनाची प्रवेशिका भरायला दोनच दिवस उरले होते आणि साडूभाऊंचे ते बिस्किटावरचे उद्गार कानात होते. मी फोटो छापला, मूळ फाईल घेतली, वही घेतली आणि निसर्ग मंडळाच्या कार्यालयात गेलो.

कार्यालय म्हणजे एक खोली आणि एक खिडकी. खिडकीत बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला एक कारकून बसला होता. यंदापासून नवा नियम आहे, असं त्यानं सांगितलं: फोटोसोबत बदलपत्रक जोडायचं, ते प्रदर्शनात फोटोखाली टाचलं जाईल. त्यानं कागद सरकवला. 'मूळ फोटोत केलेले बदल' असं वर लिहिलेलं आणि खाली पाच ओळी. मी वही पुढं केली. त्रेचाळीस आहेत, पुरवणी जोडतो, असं म्हटलं.

"पुरवणी जोडता येत नाही," तो वर न बघता म्हणाला. "रकान्यात मावेल एवढंच लिहा."

हे वाक्य मी सव्वीस वर्षं रोज किमान दहा वेळा बोलत आलो आहे. पण नेहमी आतून. खिडकीच्या बाहेरून ते इतकं वेगळं ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती. मी बारीक अक्षरात लिहू का असं विचारलं. एका ओळीत एकच बदल, तो म्हणाला. दोन बदल जोडून एक करू का? जोडबदल चालत नाही. पाचच ओळी का? कारण कागदावर पाचच आहेत. मी मनातल्या मनात त्याच्या कामाचं कौतुक केल्याशिवाय राहू शकलो नाही. माणूस लोखंडाचा होता. मग त्याला माझी दया आली असावी. आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की बहुतेक लोक 'काही नाही' असं लिहून सही करतात. कोण बघायला बसलंय?

मी लेखणी उघडली. साडूभाऊंचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. 'काही' एवढं लिहिण्यासाठी हात कागदावर टेकवला आणि तो पुढं सरकेना. उजेडाकडे धरून मी जितके कागद परत केले त्या सगळ्यांचे मालक माझ्या पाठीमागे रांगेत उभे आहेत असं वाटलं. मी कागद घडी करून खिशात घातला. उद्या दुपारी बारापर्यंत मुदत, कारकून म्हणाला, आणि शाई काळीच हवी.

घरी येऊन बसलो आणि एकेक बदल मागं घ्यायला सुरुवात केली. वहीत नोंदीवर एक रेघ, बाजूला सही. आधी दुसरा पक्षी गेला. काकूंना जिन्यातच कळलं. ठेवलंत ना शेवटी त्याला एकटं, असं म्हणून त्या निघून गेल्या, आणि साखरेची वाटी अजून परत आलेली नाही. मग आकाश गेलं. टाकी आली, गंज आला, दोरी आली. टाकी आल्यावर पक्ष्याच्या अंगात एकदम वजन आलं. स्टुडिओवाल्याला मी वाटेत भेटून सांगितलं तर तो म्हणाला, अर्ज परत आल्यावर माझ्याकडे येऊ नका. मग अनुक्रमांक एकतीस. मास्तर स्वतः समोर खुर्ची घेऊन बसले होते. मी बोट काढलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि विद्यार्थ्याला अर्धवट पाठवता आहात, असं म्हणाले.

एवढं करूनही आठ उरले. ओळी पाच. माझी मती गुंग झाली. मग मला जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं, आणि मी हिला हाक मारली.

ती शेजारी स्टूल घेऊन बसली. एकेक बदल मी तिला दाखवायचो आणि ती निकाल द्यायची. डोळ्यातली चमक काढा, त्याचा डोळा बारीकच आहे. पिवळा काढा, तो रोज अंघोळ करतो. चोचीची धार कमी करा. चिमटा पुसायचा का असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "राहू दे. आपलाच आहे तो. उन्हाळ्यात टॉवेलाबरोबर उडून गेला होता." टॉवेलाचा शोध त्या क्षणी लागला आणि तो कुणाच्या गच्चीवर आहे हेही कळलं, पण तो विषय वेगळा आहे. सरतेशेवटी पक्षी मधोमध आला, भुवई होती तशी झाली आणि तीन बदल उरले. अंधार किंचित कमी केला. तिरकी टाकी सरळ केली. डाव्या कडेची रिकामी भिंत कापली. मी म्हटलं, आणखी दोन ओळी आपल्या हक्काच्या आहेत.

"ओळी आहेत म्हणून भरायच्या असतात का?" ती म्हणाली. मग पडद्याकडे नीट पाहिलं. पायाकडे, टाकीकडे, चिमट्याकडे. "आला," ती म्हणाली. मला वाटतं बक्षीस मला त्याच क्षणी मिळालं. पण ते टांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला मी बदलपत्रक खिडकीतून आत सरकवलं. तीन ओळी काळ्या शाईत. उरलेल्या दोन ओळींवर तिरकी रेघ आणि तिच्या दोन्ही टोकांना सही, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येऊ नये. कारकून ती तिरकी रेघ बघत राहिला. मग पहिल्यांदाच त्यानं मान वर केली आणि कुठल्या खात्यात आहात असं विचारलं. नोंदणी, छाननी, मी सांगितलं. तो अर्धवट उठला. "बाहेर का उभे आहात," तो म्हणाला, "आत येऊन बसा ना."

प्रदर्शनाच्या दिवशी दालनात चाळीसेक फोटो होते. आमच्या इमारतीतून मास्तर आणि काकूही आल्या होत्या. माझा दाराशेजारी, विजेच्या बटणांच्या खाली. दिवा लावायला आलेल्या प्रत्येकाला तो बघावाच लागत होता, ही जमेची बाजू. साडूभाऊंचा समोरच्या भिंतीवर मधोमध. तळ्यावरून उडणारा बगळा, मागं सोनेरी सूर्य, पंखांच्या टोकांवरून पाण्याचे थेंब, आणि खाली बदलपत्रकावर टपोऱ्या अक्षरात 'काही नाही'. फोटो दारापेक्षा मोठा होता. समोर गर्दी होती. साडूभाऊ बावीस खिशांत हात घालून उभे होते आणि पहाटे तीनला उठून चिखलात कसं झोपावं लागलं ते सांगत होते. खरं सांगतो, बगळा पाहून माझं अवसान गळालं. एवढ्या बगळ्यासमोर माझा दोन बोटांचा धोबी म्हणजे हत्तीपुढं मुंगी.

हिची बहीण हिला हात धरून फोटोपुढं घेऊन आली. हिनं चष्मा काढला, चार पावलं मागं गेली आणि बघू लागली.

"अगं," ती बहिणीला म्हणाली, "मागं काठावर पाटी आहे ना, ती उलटी का गं?"

तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. सगळे वाकले. पलीकडच्या काठावर, बगळ्याच्या पायाच्या मागं, नखाएवढी एक पाटी होती. तिच्यावर 'पोहण्यास सक्त मनाई' असं लिहिलेलं होतं आणि ते शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलेलं होतं. कुणीतरी हसलं आणि मग खोकला काढला. साडूभाऊ म्हणाले की ते पाण्यातलं प्रतिबिंब आहे. पाटी पाण्याच्या चांगली हातभर वर होती.

परीक्षक म्हणून आलेल्या पक्षीतज्ज्ञ बाई मागंच उभ्या होत्या. उन्हानं रापलेल्या, केस आखूड, पायात मळके बूट. त्यांनी साडूभाऊंकडे मूळ फाईल मागितली. ती घरी राहिली, असं ते म्हणाले. मग म्हणाले की बगळा उजवीकडे बघणारा बरा दिसतो म्हणून फोटो फक्त उलटा केला, सूर्य दुसऱ्या दिवशीचा आहे, बाकी एवढंच.

"मग एवढंच लिहायचं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाच ओळी दिल्या होत्या."

मला त्या क्षणी साडूंची कीव यायला हवी होती. आली, पण घरी गेल्यावर.

बाई फिरत फिरत दाराशी आल्या. माझं बदलपत्रक त्यांनी वाचलं, तिरक्या रेघेपाशी थोड्या थांबल्या, मग खिशातून भिंग काढून पक्ष्याच्या पायाकडे वाकल्या. एक बोट कमी दिसतंय, म्हणाल्या. मी उत्तर द्यायला घसा साफ केला, पण हिनं आधीच सुरुवात केली होती. ते पहिल्यापासूनच नाहीये, ती म्हणाली, चार वर्षं बघते आहे मी. मग किती वाजता येतो, कुणाला हाकलतो, थंडीत किती वेळ बसतो, जोडीदारीण कुठल्या महिन्यात दिसते, हे सगळं बाई विचारत गेल्या आणि ही सांगत गेली. बाईंनी वही काढून लिहून घेतलं. वीस मिनिटं मी हिची पिशवी धरून उभा होतो आणि इतक्या अभिमानानं मी आजवर काहीही धरलेलं नाही. लोक सहसा असं बोट भरून काढतात, बाई शेवटी म्हणाल्या, तुम्ही पाय होता तसा ठेवलात हे विशेष. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताची रंगसंगती बघत होते.

पहिलं बक्षीस धोब्याला मिळालं. बाईंनी व्यासपीठावरून कारण सांगितलं ते मी पाठ केलं आहे: इथं सुंदर पक्षी पुष्कळ आहेत, पण हा एकटाच कुणाच्या तरी ओळखीचा आहे. टाळ्या पडल्या. काकूंनी सर्वांत जास्त वाजवल्या. परतताना मास्तर जिन्यात तिघांना सांगत होते की बोटाकडे लक्ष पहिल्यांदा त्यांनीच वेधलं, आणि ते खोटं नव्हतं. साडूभाऊंनी माझा हात हातात घेतला, नशीब लागतं असं म्हणाले आणि माझी लेन्स कुठली आहे ते हळूच विचारलं.

संध्याकाळी शेजारच्या इमारतीचे चिटणीस आले. त्यांची टाकी प्रदर्शनात पहिली आली ही गोष्ट तिकडे पोचली होती. त्यावरून सभा भरली, टाकी मुळात कुणाच्या पुढाकारानं बसवली याचा वाद पेटला, आणि तो मिटेपर्यंत दुरुस्ती पुढं ढकलण्याचं ठरलं. त्या इमारतीतले वाद मी ओळखतो. निदान चार वर्षं तरी काळजी नाही.

प्रशस्तिपत्र मी सकाळी उलगडलं. कालच्या गडबडीत ते नीट पाहिलंच नव्हतं. सवयीनं उजेडाकडे धरलं, मग पुन्हा एकदा धरलं. विजेत्याच्या नावाच्या जागी आधी साडूभाऊंचं नाव लिहिलेलं होतं. त्यावर रेघ ओढून वर माझं लिहिलं होतं. सलग तीन वर्षांच्या सवयीनं कारकुनानं ते आधीच तयार करून ठेवलं असणार. आणि बाजूला सही नव्हती. माझ्या आयुष्यातलं पहिलं बक्षीस, आणि असा कागद माझ्याच खिडकीवर आला असता तर मी तो परत केला असता.

हिनं डबा भरता भरता काय झालं असं विचारलं. मी दाखवलं. खाडाखोड आहे, म्हटलं, सही नाही, असा कागद भिंतीवर कसा लावायचा? कुणाची सही लागते, तिनं विचारलं. ज्याला खरी माहिती आहे त्याची, मी म्हणालो, आणि त्यानं आधी मूळ प्रत पाहिलेली पाहिजे.

तिनं हात पुसले, माझ्या खिशातली लेखणी काढून घेतली आणि कागद ओट्यावर ठेवला. माझ्या नावाशेजारी 'खाडाखोड मान्य' असं लिहिलं. मग लेखणी तशीच धरून थांबली. घड्याळात साडेसात वाजत होते. तिनं खिडकीतून समोरच्या टाकीकडे नीट पाहिलं, बोटं मोजली, आणि मग सही केली.